कॉकपिटातला कॅमेरा

धुळ्यालगतच्या गोंदूर येथील धावपट्टीवरून, जळगावच्या विमानतळावरून आणि तापीखोऱ्यातल्या शिरपूरहून जी छोटी प्रशिक्षण-विमाने सकाळी आकाशात चढतात, त्यांचे अप्रूप खानदेशातल्या माणसाला आता फारसे उरलेले नाही. कपाशीत निंदणीला बसलेल्या बाया त्या घरघरीने हातातले काम सोडून वर पाहत नाहीत, आणि शाळेच्या वाटेवरची पोरेसुद्धा हात हलविण्याचे कष्ट क्वचितच घेतात. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या व जुहूच्या मैदानावर वाढलेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाने आपल्या उड्डाण-प्रशिक्षणाचे बिऱ्हाड धुळ्यास आणले; जळगावच्या जुन्या धावपट्टीचा जीर्णोद्धार होऊन, जळगावच्याच कन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी असताना, २०१२ साली तेथे नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले; आणि मुंबईच्या आकाशात ज्याची टंचाई आहे ते मोकळे, बेगर्दीचे आकाश या मुलखात मुबलक असल्याने, तापीच्या पात्रावरून सातपुड्याच्या कडेकडेने व गिरणेच्या वळणावरून २०० तासांची ती शिदोरी जमा करणारे तरुण, जिच्यावाचून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडत नाही, येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून येऊ लागले. या तरुणांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना कॉकपिटात सामावून घेणारी जागा मुळातच बेताची. तिच्यात आता मुठीत मावणारा कॅमेरा नावाचा एक तिसरा प्रवासी बसू पाहत आहे. तो कोठे बसावा, कसा बसावा, आणि मुळात त्याला बसू द्यावे की नाही, याचा विचार दिसतो तितका सोपा नाही.

विमानात बसून चलच्चित्र घेण्याची हौस विमानाइतकीच जुनी आहे. १९०९ च्या एप्रिल महिन्यात रोमजवळच्या सेंतोचेल्ले येथे विल्बर राइट आपले यंत्र इटालियनांना दाखवीत असताना एका चित्रणकाराला त्याने सोबत घेतले, आणि उडत्या विमानातून टिपलेले आद्य चलच्चित्र म्हणून त्या पट्टीचा आजवर उल्लेख होतो. परंतु हौसेचा भाग सोडला तरी कॅमेऱ्याला विमानात एक गंभीर काम फार पूर्वी मिळाले होते. नव्या विमानाची चाचणी घेणाऱ्या वैमानिकाला एका हाताने विमान सांभाळून दुसऱ्या हाताने मांडीवरच्या वहीत वेग, उंची, तापमान यांचे आकडे उतरवून घेणे दुर्घट होई. तेव्हा विमानाच्या पोटात एका बंद पेटीत त्याच उपकरणांचा दुसरा संच बसवून, आत दिवा लावून, समोर एक सिने-कॅमेरा ठेवण्याची तजवीज अभियंत्यांनी केली. जमिनीवर उतरल्यावर ती फिल्म धुवायची आणि एकेक चित्र पाहून कारकुनाने आकडे टिपायचे, असा तो प्रकार असे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी वर्षानुवर्षे खपून बांधलेले सहा आसनी विमान २०२० साली ज्या धुळ्याच्या पट्टीवरून चाचणीसाठी हवेत गेले, त्या धुळ्याला चाचणी-उड्डाण आणि त्याची नोंद यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

नोंदीच्या महत्त्वाविषयी तर धुळ्याचा अधिकार याहून जुना आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२६ च्या डिसेंबरअखेरीस देह ठेवला तो धुळ्यात, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात त्यांचे दप्तर आजही सांभाळलेले आहे. घटनेनंतर कैक वर्षांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून वा स्तुतीसाठी रचलेल्या बखरीपेक्षा, घटनेच्या वेळी सहज लिहिला गेलेला अस्सल कागद, मग तो दाण्यागोट्याच्या हिशोबाचा का असेना, अधिक विश्वासार्ह, हा त्यांचा आग्रह होता. कॉकपिटातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणालाही हाच निकष लावता येतो. उतरल्याबरोबर काढून प्रशिक्षकासमोर जशीच्या तशी चालविलेली चित्रफीत हा अस्सल कागद. आणि तीच फीत कापून, चुकलेले उतरणे वगळून, सूर्योदयाचा देखावा पुढे आणून, वर संगीत चढवून दहा जणांना पाठविली की ती बखर झाली. बखरीतही गोडी असते हे मान्य. पण कॅमेरा बसविण्याची सारी पद्धत या दोहोंपैकी आपल्याला काय हवे आहे यावर अवलंबून आहे, आणि हौशी माणसाची पहिली गफलत होते ती येथेच. सातपुड्याच्या रांगा, केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, हतनूरच्या धरणाचे चकाकते पाणी टिपावे म्हणून तो कॅमेरा खिडकीकडे वळवितो. शिकणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाची जागा मात्र मागे, दोन पुढच्या आसनांच्या मधोमध, छताजवळ असते, जेथून उपकरणांचा फलक, दोघांचे हात, मानेची हालचाल आणि समोरच्या काचेतून दिसणारी क्षितिजरेषा ही सर्व एकाच चौकटीत येतात.

कॅमेरा तेथे टिकवून धरणे ही पुढची अडचण. खिडकीच्या काचेला चिकटणारी रबरी वाटी सर्वांत सोयीची आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय. परंतु ही वाटी आपल्या बळावर काचेला धरून राहत नसून बाहेरच्या हवेचा दाब तिला काचेवर रेटून धरीत असतो, आणि विमान वर चढू लागले की तो दाब कमी होत जातो. ५००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक षष्ठांशाने घटलेला असतो. त्यात खानदेशातील धूळ! चैत्र-वैशाखात काचेवर जो मऊ थर बसतो त्याचा एक कण वाटीच्या कडेखाली राहिला तरी हवा हळूहळू आत शिरते, आणि नेमक्या उतरण्याच्या वेळी कॅमेरा कोणाच्या तरी मांडीवर किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पायाखालच्या पेडलांमध्ये येऊन पडतो. म्हणून काच आणि वाटी दोन्ही ओल्या मऊ फडक्याने पुसून घेणे, आणि वाटी कितीही घट्ट बसली तरी कॅमेऱ्याला एक बारीक दोरी बांधून ती विमानाच्या एखाद्या भक्कम भागाला अडकविणे, हा शिरस्ता मोडू नये. ही काच वस्तुतः काच नसून पारदर्शक प्लॅस्टिक असते. कोरड्या फडक्याने घासल्यास तिच्यावर ओरखडे उठतात, आणि विमान उन्हात उभे असताना वाटी तशीच लावून ठेवल्यास त्या जागी बारीक भेगांचे जाळे पडण्याची भीती असते. यापेक्षा आसनामागील नळीला वा हाताने धरावयाच्या कडीला आवळून बसविता येणारी पकड बरी. भोक पाडून, स्क्रू मारून किंवा विमानाच्या तारांतून वीज घेऊन कॅमेरा बसविण्याचा विचार मात्र मनातही आणू नये, कारण तसे करणे हा विमानातील फेरफार ठरतो आणि त्याला अधिकृत अभियंत्याची व खात्याची रीतसर मंजुरी लागते.

कॅमेरा बसला की प्रशिक्षकाने स्वतः आसनावर बसून दोन गोष्टींची शहानिशा करावी. पहिली होकायंत्राची. सेस्नासारख्या विमानात समोरच्या काचेच्या वरच्या अंगाला, मध्यभागी, द्रवात तरंगणारे साधे चुंबकीय होकायंत्र असते, आणि त्याच्याजवळच विमानातील लोखंडामुळे व विजेमुळे त्यात किती अंशांचा फरक पडतो हे सांगणारे एक लहानसे कार्ड लावलेले असते. ते कार्ड तयार करणाऱ्याने आपला कॅमेरा पाहिलेला नसतो. चुंबकावर बसणारी पकड त्या यंत्राजवळ आणली की तबकडी डोळ्यांदेखत वळते. कॅमेरा आधी दूर धरून, मग जवळ आणून, मग चालू करून तबकडीकडे पाहत राहावे म्हणजे कळते. दुसरी शहानिशा सुकाणूची. विमान उभे असतानाच सुकाणू पूर्ण मागे, पूर्ण पुढे, दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून, आसने पुढेमागे सरकवून आणि दारे उघडून पाहावीत; कॅमेरा, त्याची पकड किंवा त्याची तार कोठेही आड येता कामा नये.

ही सूचना अतिसावधपणाची वाटत असेल तर ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात काय घडले ते ऐकावे. सुमारे दोनशे माणसांना घेऊन अफगाणिस्तानकडे निघालेल्या त्या अजस्र विमानाच्या कप्तानाने कॉकपिटात छायाचित्रे काढून आपला कॅमेरा हाताच्या टेकणीपाशी, सुकाणूच्या दांड्यालगत ठेवून दिला. थोड्या वेळाने त्याने आपले आसन पुढे सरकविले, तेव्हा टेकणी व दांडा यांच्यामध्ये कॅमेरा दाबला गेला, दांडा पुढे रेटला गेला आणि विमानाने काळ्या समुद्रावर खाली सूर मारला. अवघ्या २७ सेकंदांत ते ४४०० फूट कोसळले. आतली माणसे छतावर आपटली, कित्येक जखमी झाली. विमान वाचले हे नशीब. त्या कप्तानाला पुढे लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. शेकडो टनांच्या विमानाला जो कॅमेरा खाली ढकलू शकला, तो हजार-अकराशे किलोच्या सेस्नाला काय करील?

आता चित्राकडे वळू. पहिल्यांदा असे चित्रण पाहणाऱ्याला हमखास धक्का बसतो तो पंख्यामुळे. समोर फिरणारे सरळसोट पाते पडद्यावर धनुष्यासारखे वाकलेले, कधी तुकड्यातुकड्यांनी हवेत तरंगणारे दिसते, आणि विमान मोडले की कॅमेरा बिघडला असा प्रश्न पडतो. दोन्ही ठीक असतात. आजच्या लहान कॅमेऱ्यातील संवेदक सबंध चित्र एका क्षणी टिपीत नाही; तो वरच्या ओळीपासून आरंभ करून एकेक ओळ वाचीत खाली येतो. या वाचनाला समजा एका सेकंदाचा साठावा भाग लागला, आणि पंखा मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४० फेरे घेत असला, तर वरची ओळ वाचून होऊन खालची ओळ वाचेपर्यंत पाते दोन तृतीयांश फेरा पुढे गेलेले असते. प्रत्येक ओळीला पाते निराळ्या जागी सापडते, आणि त्या सर्व ओळी एकाखाली एक रचल्या की वाकडे पाते तयार होते. आणखी एक गंमत अशी की कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेत असेल आणि पंख्याचा वेग नेमका मिनिटाला २२५० फेऱ्यांचा असेल, तर दोन चित्रांच्या दरम्यान पंखा बरोबर दीड फेरा घेतो; दोन पात्यांच्या पंख्याला दीड फेरा फिरविला की एका पात्याच्या जागी दुसरे येते, एवढाच काय तो फरक पडतो; म्हणून पडद्यावर तो स्तब्ध उभा दिसतो, आणि घरी चित्रफीत पाहणाऱ्या आईच्या काळजाचा ठोका चुकतो.

वाकडे पाते इतके ठळक उमटते याचे कारण खानदेशच्या उन्हात आहे. या लहान कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांच्या भिंगाचे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते. प्रकाश फार झाला की झडप अधिक वेगाने मिटणे एवढाच उपाय त्यांच्या हाती राहतो, आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पाते जेमतेम सात अंश सरकत असल्याने ते स्पष्ट, आणि म्हणून विकृत, उमटते. भिंगावर करड्या रंगाची गाळणी चढवून प्रकाश बत्तीस पटींनी कमी केला की तोच कॅमेरा सेकंदाच्या साठाव्या भागाइतकी उघडीक घेतो. तेवढ्या वेळात पाते अर्ध्याहून अधिक फेरा फिरून घेते आणि आपल्या डोळ्यांना एरवी दिसते तसे पारदर्शक वर्तुळ चित्रातही दिसू लागते. मात्र अशी गाळणी सकाळच्या कोवळ्या उन्हात कॉकपिटाचा अंतर्भाग काळाकुट्ट करून टाकते, हेही लक्षात ठेवावे.

उन्हाचा दुसरा जाच बॅटरीला. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बंद दारांनी मैदानात उभ्या असलेल्या विमानाच्या आत त्याहूनही अधिक भट्टी पेटलेली असते; अशा वेळी कॅमेरा तापून आपणहून बंद पडतो, आणि सुदैवी असाल तर तेवढ्यावरच भागते, कारण लिथियमची बॅटरी अति उष्णतेने बिघडली तर धूर व आग या दोन्हींना कारण होऊ शकते. म्हणून कॅमेरा आधीपासून विमानात ठेवून देऊ नये, सावलीतून आणून उड्डाणाच्या आधी बसवावा. ध्वनीचे दुखणे याहून सोपे आहे: कॅमेऱ्याच्या आपल्या ध्वनिग्राहकाला इंजिनाच्या गर्जनेवाचून दुसरे काही ऐकूच येत नाही, आणि प्रशिक्षकाचा शब्द हवा असेल तर हेडफोनच्या कानावरील गादीच्या आत बोंडाएवढा मायक्रोफोन सरकवून त्याची तार कॅमेऱ्याला जोडली की काम होते.

परवानगीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून छायाचित्र घेण्यास, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परवानगीवाचून, मज्जाव केला. प्रवासी विमानांतील उतारूंना २००४ च्या एका परिपत्रकान्वये मुभा मिळाली, आणि २०२० च्या सप्टेंबरात चंडीगड-मुंबई विमानात एका अभिनेत्रीभोवती वार्ताहरांनी जो गोंधळ घातला त्यानंतर महासंचालनालयाने आधी कडक हुकूम काढला व लागलीच त्याचा खुलासाही केला. पण उतारूंसाठी दिलेली ती सवलत आपल्यालाही लागू आहे असे प्रशिक्षणार्थ्याने गृहीत धरून चालू नये. आपली संस्था, विमानतळाचे अधिकारी आणि महासंचालनालय यांना विचारल्याशिवाय कॅमेरा चालू करू नये, याला जळगाव जिल्ह्यात तर विशेष कारण आहे: भुसावळ व वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत, भुसावळचे प्रचंड रेल्वे जंक्शन आणि दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि हौसेने टिपलेल्या चित्रात यांपैकी काय येऊन बसेल याचा भरवसा नसतो.

इतक्या उपद्व्यापातून साधायचे काय, असे कोणी विचारील. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या दाट झाडीत, शिरपूरहून निघालेले एक प्रशिक्षण-विमान कोसळले. प्रशिक्षक जागच्या जागी गेले. प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या डोंगरातून तिला खाली आणताना गावकरी आदिवासींनी लुगड्याची झोळी केली, एका माउलीने आपल्या अंगावरचे लुगडे त्यासाठी सोडून दिले, ही हकीकत तेव्हा वृत्तपत्रांतून सर्वत्र वाचली गेली. मोठ्या विमानाला अपघात झाला की आधी शोध होतो तो ‘ब्लॅक बॉक्स’चा, परंतु तो बसविण्याची सक्ती मुख्यत्वे ५७०० किलोंपेक्षा जड विमानांना असून, जेमतेम टनभर वजनाचे प्रशिक्षण-विमान सहसा तिच्यातून सुटते. मग तपासणाऱ्यांच्या हाती राहतो तो सांगाडा, हवामानाची नोंद आणि वाचलेल्याची जबानी, वाचला असलाच तर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘इकाओ’ने, हलक्या विमानांसाठी जी स्वस्त नोंदयंत्रे सुचविली त्यांत उपकरणांच्या फलकाकडे रोखलेल्या चित्रमुद्रकालाही स्थान दिले ते याच कारणाने. दुकानातून आणलेला कॅमेरा आगीत व आघातात टिकेलच असे नाही. तरी पुष्कळदा त्याच्यातील नखाएवढे कार्ड शाबूत सापडते आणि बोलते.

कधी मालकाविरुद्धही बोलते. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रात्रीच्या अंधारात एक सेस्ना १५० कोसळून दोघे गेले. भग्नावशेषांत सापडलेल्या कॅमेऱ्यात त्या अंतिम उड्डाणाचे चित्रण नव्हते, पण त्याच विमानाच्या नुकत्याच झालेल्या आधीच्या उड्डाणांचे होते, आणि त्यांत वैमानिक चढत्या विमानात मोबाइलने, लखलखता प्रकाश पाडीत, स्वतःची छायाचित्रे काढताना दिसत होता. त्यावरून मोबाइलमुळे चित्त विचलित होऊन त्याचा तोल सुटला असावा, असा तपासकांचा निष्कर्ष निघाला. ट्रेव्हर जेकब या अमेरिकी यूट्यूबकाराची कथा तर बखरकारांना लाजविणारी आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील डोंगरांवर याने विमानाचे इंजिन बंद पडल्याची बतावणी करून हवाई छत्रीने उडी घेतली, आणि विमानाला आतबाहेर आधीच बसवून ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेली ती ‘दुर्घटना’ जगाला दाखविली. ज्या चित्रांनी त्याला कीर्ती मिळवून द्यायची होती त्यांनीच पाहणाऱ्यांच्या मनात संशय पेरला. परवाना गेला आणि २०२३ साली सहा महिन्यांचा कारावास पदरी आला.

प्रशिक्षणाच्या कामी या कॅमेऱ्याचा उपयोग याहून पुष्कळ शांत आहे, आणि माझ्या मते तोच खरा आहे. वळण घेण्याआधी त्या बाजूचे आकाश मोकळे आहे का हे मान वळवून पाहायचे, हा पहिल्या दिवसापासूनचा धडा. खाली उतरल्यावर प्रशिक्षक विचारतो, “डावीकडे पाहिलं होतंस?” आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे म्हणतो, “हो सर, पाहिलं होतं.” मग चित्रफीत चालविली जाते. मान हललेली नसते. विद्यार्थी खोटे बोललेला नसतो. पाहायचे आहे हे त्याच्या मनात आले होते आणि मनात आले ते घडले असे त्याच्या स्मृतीने परस्पर नोंदवून टाकले होते. तीच गोष्ट उतरण्याची. जमीन जवळ येताच नवख्याची नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळते आणि विमान एकतर आपटते नाहीतर उसळते. नजर पट्टीच्या दूरच्या टोकावर नेली पाहिजे हे त्याला शंभरदा सांगून जे पटत नाही, ते त्याची खाली झुकलेली हनुवटी पडद्यावर एकदा दाखविली की पटते. मात्र भिंग रुंद दृष्टीचे असल्याने क्षितिज वाकते आणि पट्टी प्रत्यक्षाहून दूर व लहान भासते, म्हणून उंचीचा व अंतराचा निवाडा या चित्रावरून कोणी करू नये. हात, मान आणि उपकरणे यांच्यापुरतीच त्याची साक्ष ग्राह्य धरावी.

ती साक्ष कोणाच्या दप्तरात राहावी, याबद्दल मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. आपली प्रत्येक चूक संस्थेच्या कपाटात जमा होते आहे असे वाटू लागले की विद्यार्थी विमानाऐवजी कॅमेऱ्यासाठी उडू लागेल. आधी विमान सांभाळा, मग मार्ग सांभाळा, मग बोला, हा वैमानिकांचा जुना क्रम. त्यात कॅमेऱ्याला चौथीही जागा नाही, आणि एकदा चालू केल्यावर उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम जेथे पाळवत नसेल तेथे तो नसलेलाच बरा. चित्रफीत विद्यार्थ्याची असावी, तिचे पहिले दर्शन प्रशिक्षकासमवेत व्हावे, आणि अपघात वा गंभीर घटना घडलेली नसेल तर ती ठेवायची की पुसायची हे दोघांनी मिळून ठरवावे, असे मला वाटते. पहिल्या एकट्या उड्डाणाचा अपवाद मात्र मी करीन. प्रशिक्षक उतरून, दार लावून बाजूला होतो आणि विद्यार्थी गोंदूरच्या पट्टीभोवती एक फेरी एकट्याने घेऊन येतो, तेव्हा घरच्यांना दाखविण्यासाठी कॅमेरा हवा असा हट्ट हमखास होतो; तो हट्ट पुरवायचाच असेल तर भावाला नाहीतर मित्राला कुंपणापाशी उभे करावे, आणि त्याने जमिनीवरून काय टिपायचे ते टिपावे.